बसचा निर्णय कोण घेते आणि त्यात प्रवाशाची जागा कुठे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये रोज बसने जाणाऱ्या-येणाऱ्यांशी बोलताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. उदाहरणे मुख्यतः पीएमपीची, म्हणजे या दोन शहरांच्या बससेवेची, आहेत आणि काही मुंबईची. कायद्यांविषयी जे लिहिले आहे ते महाराष्ट्रातल्या इतर शहरांतील प्रवाशांनाही उपयोगी पडेल.

वाहतूक नियोजनात न्याय्य प्रतिनिधित्व म्हणजे नेमके काय?

बसचा मार्ग बदलणे, फेऱ्या कमी करणे, भाडे वाढवणे, थांबा हलवणे यांपैकी कोणताही निर्णय पक्का होण्याआधी, ज्यांच्या रोजच्या दिवसावर त्याचा परिणाम होणार आहे त्यांचे म्हणणे निर्णय घेणाऱ्यांपर्यंत पोहोचले पाहिजे आणि ते मान्य किंवा अमान्य का झाले याचे लेखी उत्तर त्यांना मिळाले पाहिजे. या वाक्यातला ‘आधी’ हा शब्द मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. निर्णय झाल्यावर तक्रार ऐकून घेण्याची सोय बहुतेक ठिकाणी असते, पण तिला प्रतिनिधित्व म्हणता येत नाही.

एक उदाहरण घेऊ. डोंगरउतारावरच्या वस्तीतून पहाटे साडेपाचला निघून, दोन बस बदलून, कोथरूडमध्ये चार घरची धुण्याभांड्यांची कामे करणारी बाई डोळ्यांसमोर आणा. ‘फेऱ्यांचे सुसूत्रीकरण’ या नावाखाली तिची पहिली गाडी बंद झाली आणि पुढची वीस मिनिटांनी असली, तर कागदावर फरक वीस मिनिटांचाच दिसतो. प्रत्यक्षात तिची दुसरी बस चुकते, पहिल्या घरी पोहोचायला पाऊण तास उशीर होतो आणि महिन्याभरात ते काम सुटते. हा हिशेब फक्त तिलाच ठाऊक असतो. तो नियोजनाच्या बैठकीत मांडला जावा, एवढीच ही मागणी आहे.

आज हे निर्णय कोण घेते?

पुणे महानगर परिवहन महामंडळ, म्हणजे आपली पीएमपी, २००७ मध्ये पीएमटी आणि पीसीएमटी या दोन शहरांच्या जुन्या बससेवांच्या विलीनीकरणातून स्थापन झाली. ती कंपनी कायद्याखालची कंपनी असून तिच्यात पुणे महापालिकेचा वाटा ६० टक्के आणि पिंपरी-चिंचवडचा ४० टक्के आहे. धोरणात्मक निर्णय संचालक मंडळ घेते. त्यावर दोन्ही शहरांचे महापौर, स्थायी समित्यांचे अध्यक्ष आणि आयुक्त असतात. रोजचा कारभार अध्यक्ष व व्यवस्थापकीय संचालक पाहतात आणि ते बहुधा सनदी अधिकारी असतात.

भाडेवाढीला याशिवाय परिवहन प्राधिकरणाची मान्यता लागते. पुण्यात प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ६८ नुसार अशा प्राधिकरणावर अध्यक्षांखेरीज जास्तीत जास्त दोन सदस्य नेमता येतात आणि ते अधिकारी असोत वा नसोत, दोन्ही चालते. वाहतूक व्यवसायात आर्थिक हितसंबंध असलेल्या व्यक्तीला कायदा येथे मज्जाव करतो, आणि ते योग्यच आहे. प्रवाशाला मात्र बसवलेच पाहिजे, असे तो कुठेही म्हणत नाही.

रस्त्यांची रचना महापालिकेकडे, मेट्रो महामेट्रो या कंपनीकडे, शहराबाहेरचा पट्टा पीएमआरडीए या महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे आणि सिग्नल वाहतूक पोलिसांकडे अशी कामांची विभागणी आहे. त्यामुळे प्रवासी एका खिडकीवर गेला की त्याला दुसऱ्या खिडकीचा पत्ता मिळतो.

आम्ही नगरसेवक निवडून देतो. मग वेगळ्या प्रवासी प्रतिनिधीची गरज काय?

हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर थोडे सविस्तर द्यावे लागेल.

पहिली अडचण अशी की बसचा मार्ग प्रभागाच्या हद्दीवर थांबत नाही. हडपसरहून निघालेली गाडी वारज्यापर्यंत जाताना अनेक प्रभाग ओलांडते आणि त्यांतल्या एकाही नगरसेवकाला तो अख्खा मार्ग ‘आपला’ वाटत नाही. प्रभागात झालेले काँक्रीटीकरण दाखवता येते, फलक लावता येतो. दहा मिनिटांनी येणारी गाडी सात मिनिटांनी येऊ लागली तर त्याचे उद्घाटन करता येत नाही. नगरसेवकांना दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. प्रभागावर आधारलेल्या निवडणुकीत लांब मार्गाचा प्रवासी विखुरला जातो आणि त्याचे मत कुठेच एकवटत नाही, हे समजून घ्यायला हवे.

दुसरी अडचण आपण नुकतीच अनुभवली आहे. दोन्ही महापालिकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, प्रशासक आले आणि निवडणुका व्हायला जानेवारी २०२६ उजाडले. एवढ्या काळात संचालक मंडळावर लोकनियुक्त सदस्य नव्हते. याच काळात, १ जून २०२५ पासून, पीएमपीचे किमान भाडे ५ रुपयांवरून १० रुपये झाले. भाडेवाढ आवश्यक होती की नव्हती, यावर प्रामाणिक मतभेद असू शकतात, कारण डिझेल, सीएनजी आणि वेतनाचा खर्च वाढतच असतो. परंतु किमान भाडे दुप्पट करण्याचा निर्णय झाला तेव्हा मंडळात मतदारांना उत्तरदायी असलेली एकही व्यक्ती नव्हती, ही गोष्ट सहजासहजी सोडून देण्यासारखी नाही. मुंबईतही महापालिकेवर प्रशासक असताना, मे २०२५ मध्ये, बेस्टचे किमान भाडे ५ वरून १० रुपये झाले.

पुणे महापालिकेत जून २०२१ अखेर समाविष्ट झालेल्या २३ गावांची स्थिती याहून बिकट होती. ग्रामपंचायत गेली आणि पुढच्या नऊ महिन्यांत महापालिकेचीही मुदत संपली. त्या गावांतल्या लोकांना गाडी मागायला सरपंचही उरला नाही आणि नगरसेवकही मिळाला नाही.

प्रवाशाला प्रतिनिधित्व मिळालेच पाहिजे, असा कायदा आहे का?

थेट असा कायदा नाही, आणि सगळ्या प्रश्नाचे मूळ मला येथेच दिसते.

तुलना करून पाहा. पथविक्रेता कायदा, २०१४ ने प्रत्येक शहरात नगर पथविक्रेता समिती बंधनकारक केली आणि तिच्यात किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनीच निवडून दिलेले विक्रेते असावेत, त्यांत एक तृतीयांश महिला असाव्यात, असे स्पष्ट लिहिले. अंमलबजावणीत कितीही त्रुटी असल्या तरी भाजीच्या गाडीवाल्याला न्यायालयात जाऊन ‘माझी जागा कुठे आहे?’ असे विचारता येते. त्याच रस्त्यावर, त्याच गाडीशेजारी बसची वाट पाहत उभ्या असलेल्या माणसाला तसा आधार नाही.

चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून नागरी स्थानिक संस्थांना घटनात्मक स्थान दिले. तिच्यासोबत आलेल्या बाराव्या अनुसूचीत महापालिकांकडे सोपवण्याच्या विषयांत रस्ते, पूल, वाहनतळ आणि बसथांबे आहेत. बसथांब्याचा उल्लेख आहे, पण बससेवेचा नाही. त्याच दुरुस्तीने महानगर नियोजन समितीची तरतूद केली आणि तिचे किमान दोन तृतीयांश सदस्य लोकनियुक्त असावेत असे ठरवले. महानगराच्या वाहतुकीचा एकत्रित विचार व्हायला हवा तो येथे, परंतु या समित्यांना ते वजन आपल्याकडे कधी मिळालेच नाही.

धोरणांमध्ये चांगली वाक्ये आहेत. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने वाहनांऐवजी माणसांना केंद्रस्थानी ठेवून रस्त्याच्या जागेचे न्याय्य वाटप व्हावे असे म्हटले आणि मोठ्या शहरांत एकीकृत महानगर वाहतूक प्राधिकरण असावे अशी शिफारस केली. २०१७ च्या मेट्रो धोरणाने सर्वंकष वाहतूक आराखडा आणि पर्यायांची तुलना या अटी घातल्या. धोरणातले वाक्य दाखवून आग्रह धरता येतो, पण दाद मागायला कायदाच लागतो.

मार्ग आणि फेऱ्या आकडेवारीवरून ठरतात. आकडे निःपक्षपाती नसतात का?

आकडे खोटे नसतात, परंतु ते कुणाचे आहेत हे विचारावे लागते. मार्ग ‘तोट्यात’ आहे हे साधारणपणे तिकीटविक्रीवरून ठरते. वाहकाच्या यंत्रातून जेवढी तिकिटे निघाली तेवढे प्रवासी मोजले जातात. मासिक पास दाखवून चढलेल्या विद्यार्थ्याचे तिकीट निघत नाही. चाळीस मिनिटे गाडी न आल्याने शेवटी सहा आसनी रिक्षात बसून गेलेला माणूस तर कोणत्याच नोंदीत सापडत नाही. फेऱ्या रद्द झाल्या म्हणून प्रवासी घटले आणि प्रवासी घटले म्हणून मार्ग बंद झाला, हे चक्र कोणत्याही डेपोतील अनुभवी वाहक तुम्हाला समजावून सांगेल.

जनगणनेचेही असेच आहे. २०११ च्या जनगणनेत घर ते कामाचे ठिकाण हे अंतर आणि प्रवासाचे साधन विचारले गेले, पण शेती व घरगुती उद्योगाबाहेर काम करणाऱ्यांनाच. मुलाला शाळेत सोडणारी आई, दवाखान्यात जाणारे आजोबा, मंडईत जाणारी गृहिणी, कॉलेजची मुलगी यांचा प्रवास त्यात मोजलाच गेला नाही. अशा आकड्यांवर आखलेली सेवा सकाळी कार्यालयाकडे आणि संध्याकाळी घराकडे धावते आणि दुपारी विसावते, यात आश्चर्य नाही.

म्हणून सर्वेक्षण होणार असेल तर कोणत्या वेळी, कुठे आणि कुणाला विचारणार, हे प्रश्न आधीच मांडावेत. कोणाला मोजायचे हे ठरते तिथेच अर्धे प्रतिनिधित्व ठरलेले असते.

महिला, ज्येष्ठ आणि दिव्यांग प्रवाशांचा विचार वेगळा का करावा?

त्यांचा प्रवास वेगळा असतो म्हणून. अनेक स्त्रियांचा प्रवास तुकड्यातुकड्यांचा असतो. पाळणाघर, काम, रेशनचे दुकान, पुन्हा पाळणाघर असे चार छोटे टप्पे त्या एका दिवसात करतात आणि प्रत्येक टप्प्याला नवे तिकीट लागते. किमान भाडे वाढते तेव्हा एका लांब प्रवासापेक्षा अशा चार छोट्या प्रवासांना त्याची झळ जास्त बसते. भाड्याच्या तक्त्यावर ही गोष्ट स्त्री-पुरुष अशी लिहिलेली नसते, पण ती तिथे असते.

दिव्यांगांच्या बाबतीत कायदा अधिक ठाम आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४१ नुसार बसथांबे, रेल्वे स्थानके आणि विमानतळ सुगम्य करणे ही शासनाची जबाबदारी आहे. खालच्या पायरीची बस आणली, पण थांब्याचा ओटा आणि गाडी यांच्यामध्ये हातभर अंतर राहिले किंवा ओट्यावर चढायच्या उतारातच विजेचा खांब आला, तर त्या बसचा काय उपयोग? चाकाच्या खुर्चीवरच्या एका माणसाला आराखडा करतानाच त्या थांब्यावर नेले असते, तर ही चूक खडूच्या रेघेवरच पुसली गेली असती.

शासन हरकती आणि सूचना मागवते. ते पुरेसे नाही का?

कायदा हरकतींना जागा देतो हे खरे आहे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार प्रारूप विकास आराखड्यावर हरकती घेता येतात आणि त्या ऐकणाऱ्या नियोजन समितीत स्थायी समितीचे तीन सदस्य आणि शासनाच्या नगररचना संचालकांनी नेमलेले जास्तीत जास्त चार तज्ज्ञ असतात. लोक या संधीचा उपयोगही करतात. पुण्याच्या २०१३ च्या प्रारूप आराखड्यावर ऐंशी हजारांहून अधिक हरकती आल्या होत्या. मुंबईचा २०१५ चा प्रारूप आराखडा तर लोकांच्या तीव्र विरोधामुळे नव्याने करावा लागला.

परंतु बससेवेतील रोजच्या बदलांना, म्हणजे मार्ग, वेळापत्रक आणि भाडे यांना, अशी बंधनकारक प्रक्रिया सहसा लागू होत नाही. जिथे सुनावणी होते तिथेही ती कशी होते हे पाहायला हवे. काही वर्षांपूर्वी मी स्वतः एका सुनावणीला गेलो होतो. वेळ होती कामाच्या दिवशी सकाळी अकराची. नोटीस वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, बारीक अक्षरांत आली होती. आमच्या थांब्यावरच्या ज्या सहा जणांनी हरकतीवर सह्या केल्या होत्या, त्यांपैकी पाच जणांना हजेरी बुडवून येणे शक्य नव्हते. मला बोलायला दोन मिनिटे मिळाली, माझे बोलणे कोणी लिहून घेतले नाही आणि उत्तर आजतागायत आलेले नाही. त्या दिवशी तिथून जवळजवळ प्रत्येकजण स्वतःच्या वाहनाने घरी गेला.

सुनावणी संध्याकाळी किंवा सुट्टीच्या दिवशी घेणे, सूचना बसमध्ये आणि थांब्यावर लावणे, मसुदा सोप्या मराठीत देणे आणि प्रत्येक हरकतीला कारणासह उत्तर देणे यासाठी फारसा खर्च येत नाही. त्याशिवायची सुनावणी ही निव्वळ औपचारिकता ठरते.

विकास आराखड्याचा बसशी काय संबंध?

पुष्कळ संबंध आहे. डेपोसाठी जागा कुठे राखायची, रस्ता किती रुंद ठेवायचा, नव्या वसाहतीत गाडी वळवायला जागा आहे की नाही, हे आराखड्यात ठरते. पुढे वीस वर्षांनी ‘इथे बस येत नाही’ अशी तक्रार होते, तेव्हा गाडी वळायला जागाच राखलेली नव्हती असे आढळते. आरक्षणांवरच्या हरकती बहुतेक जमीनमालकांच्या असतात. त्या भागातल्या प्रवाशांनीही हरकत घ्यावी. त्यासाठी मालकी लागत नाही.

रेल्वेत प्रवासी समित्या असतात. त्यांचा उपयोग होतो का?

काही प्रमाणात होतो. रेल्वेत विभाग आणि क्षेत्र पातळीवर उपयोगकर्त्यांच्या सल्लागार समित्या असतात आणि त्यांत प्रवासी संघटनांना जागा मिळते. पण त्या केवळ सल्ला देतात आणि सदस्य नेमणुकीने येतात.

ऑगस्ट २०२२ चा प्रसंग येथे आठवण्यासारखा आहे. मध्य रेल्वेने साध्या लोकलच्या जागी १० वातानुकूलित फेऱ्या सुरू केल्या. वातानुकूलित लोकलचे भाडे परवडत नसलेल्या प्रवाशांची नेहमीची गाडीच त्यामुळे गेली. कळवा आणि बदलापूर येथे लोक संतापून एकत्र आले आणि आठवड्याभरातच त्या १० फेऱ्या मागे घेतल्या गेल्या. सल्लागार समित्या असतानाही, बदलापूरचा प्रवासी सकाळी कोणत्या गाडीवर अवलंबून आहे हे रेल्वेला फलाटावरच्या आंदोलनातूनच कळावे लागले.

वाहक-चालकांनाही स्थान असावे का?

निश्चितच असावे. कोणत्या चौकात गाडी किती वेळ अडकते आणि कोणते वेळापत्रक प्रत्यक्षात पाळता येणारच नाही, हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. भाडेतत्त्वावरच्या बस वाढल्यापासून अनेक चालक ठेकेदाराचे नोकर आहेत. त्यामुळे त्यांचे म्हणणे मंडळापर्यंत पोहोचण्याची वाट आणखी लांब झाली आहे.

सगळ्यांना विचारत बसले तर निर्णय रखडणार नाहीत का?

काही निर्णयांना उशीर होईल, हे मान्य करावे लागेल. मात्र न विचारता घेतलेला निर्णय मागे घ्यावा लागतो तेव्हा जाणारा वेळही मोजला पाहिजे. पुण्यात डिसेंबर २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर देशातील सुरुवातीच्या बीआरटींपैकी, म्हणजे बससाठी राखीव मार्गिका असलेल्या सेवांपैकी, एक सुरू झाली. रस्त्याच्या मधोमध असलेल्या थांब्यापर्यंत माणूस रस्ता ओलांडून जाणार कसा, हा पायी चालणाऱ्याचा प्रश्न तेव्हा नीट सुटलेला नव्हता आणि त्या त्रुटींची चर्चा पुढे वर्षानुवर्षे चालू राहिली. शिवाय प्रत्येक निर्णयासाठी मोठी सुनावणी कोणी मागत नाही. एखादी फेरी दहा मिनिटे पुढे-मागे करायला थांब्यावर आठवडाभर आधी लावलेली सूचना पुरते. मार्ग बंद करणे आणि भाडे वाढवणे यांसाठी मात्र पूर्ण प्रक्रिया हवी.

प्रवासी प्रतिनिधी कोणी आणि कसे निवडावेत?

माझे मत स्पष्ट आहे. संचालक मंडळावर मतदानाच्या अधिकारासह किमान दोन प्रवासी सदस्य असावेत, त्यांपैकी एक महिला असावी आणि त्यांच्यामागे प्रत्येक डेपोची एक प्रवासी समिती असावी. सदस्याकडे चालू मासिक पास असावा, अशी साधी अट घातली तरी बरेच काही साधेल. पुण्यात पीएमपी प्रवासी मंच आणि मुंबईत ‘आमची मुंबई, आमची बेस्ट’ यांसारख्या गटांनी हा विषय चिकाटीने लावून धरला आहे. पण सगळा भार स्वयंसेवी गटांवर टाकू नये, कारण चार घरची कामे करणारी बाई बैठकांना जाऊ शकत नाही. डेपोच्या समितीने वर्षातून दोनदा तरी मोठ्या थांब्यांवरच बसून म्हणणे ऐकावे, म्हणजे तिला कुठे जावे लागणार नाही.

मी एकटा प्रवासी आहे. आज काय करू शकतो?

पुणे महापालिका २००६-०७ पासून अंदाजपत्रकात नागरिकांच्या सूचना घेते. थांब्यावरचे छप्पर, ओटा, दिवा, पदपथ अशी कामे तुम्ही क्षेत्रीय कार्यालयात अर्ज देऊन सुचवू शकता. नव्याने निवडून आलेल्या नगरसेवकांकडे जाताना एकट्याने जाऊ नका. एकाच मार्गावरच्या वेगवेगळ्या प्रभागांतील प्रवाशांनी एकच पत्र आपापल्या नगरसेवकाला दिले, तर विखुरलेला मार्ग कागदावर तरी एकत्र येतो.

आठवडाभर वहीत नोंद ठेवा. थांब्याचे नाव, मार्ग क्रमांक, वेळापत्रकातली वेळ, गाडी प्रत्यक्ष आलेली वेळ आणि चढू न शकलेल्यांची संख्या लिहा. ‘गाड्या वेळेवर येत नाहीत’ या वाक्याला कार्यालयात ठरलेले उत्तर मिळते, पण सात दिवसांच्या तारीखवार नोंदीला तसे उत्तर देता येत नाही.

माहितीच्या अधिकारात नेमके काय मागावे?

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ चे कलम ४ येथे फार उपयोगी आहे. धोरण ठरवताना जनतेशी विचारविनिमय करण्याची कोणती व्यवस्था आहे, हे प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने स्वतःहून जाहीर करायचे असते. लोकांवर परिणाम करणाऱ्या महत्त्वाच्या निर्णयांमागची तथ्ये प्रसिद्ध करायची असतात आणि बाधित व्यक्तींना प्रशासकीय निर्णयाची कारणे द्यायची असतात. महापालिकांच्या मालकीच्या परिवहन कंपनीलाही हे लागू आहे.

अर्जाला १० रुपये शुल्क लागते आणि उत्तर साधारणतः ३० दिवसांत मिळायला हवे. अर्जात पुढील मजकूर घालावा: ‘मार्ग क्रमांक अमुक याच्या गेल्या बारा महिन्यांतील नियोजित फेऱ्या आणि प्रत्यक्ष झालेल्या फेऱ्या, महिनावार, या मार्गात बदल केला असल्यास त्या निर्णयाची टिपणी, तो निर्णय ज्या बैठकीत झाला तिची विषयपत्रिका आणि इतिवृत्त, आणि निर्णयापूर्वी प्रवाशांशी विचारविनिमय केला असल्यास त्याच्या नोंदींची प्रत.’ शेवटच्या मुद्द्याला ‘माहिती उपलब्ध नाही’ असे उत्तर आले, तरी ते जपून ठेवा आणि पुढच्या भाडेवाढीच्या किंवा मार्गबदलाच्या हरकतीला पहिले सहपत्र म्हणून जोडा.